विश्लेषण : एकाच धर्मगुरूचे नाव मिळालेले झाड आणि हरीण! एक डोंगरात तगले, दुसरे मायदेशातूनच संपले. हे कसे घडले?

चीनच्या डोंगरांत वाढणारे एक झाड आणि चीनच्याच दलदलींत चरणारे एक हरीण. जीवशास्त्राच्या वर्गीकरणात दोघांची वाट पहिल्याच पायरीवर वेगळी होते. एक वनस्पती, दुसरा सस्तन प्राणी. तरीही दोघांच्या शास्त्रीय नावात एकाच माणसाचे नाव आहे. ते म्हणजे फ्रेंच धर्मगुरू आणि निसर्ग अभ्यासक आर्मां दाविद.

जायंट पांडा जगाच्या विज्ञानाला माहीत झाला तोही दाविद यांच्यामुळेच. १९०० मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी चीनमधला त्या हरणांचा कळप संपला आणि त्याच वर्षी त्या झाडाच्या शोधात निघालेल्या एका तरुणाला जागेवर फक्त तोडलेला बुंधा सापडला. आज मात्र झाड आणि हरीण दोन्ही जगात आहेत. दाविद यांच्या आयुष्याच्या आधारे या दोन जातींचे वर्गीकरण आणि संवर्धन समजून घेऊ.

कोण होते आर्मां दाविद?

दाविद यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२६ रोजी एस्पलेत या गावात झाला. फ्रान्सच्या नैऋत्य टोकाला, स्पेनच्या सीमेजवळचा हा बास्क लोकांचा प्रदेश. वडील डॉक्टर होते आणि त्यांना निसर्गाच्या अभ्यासाची आवड होती. पक्षी, किडे, झाडे ओळखण्याचे बाळकडू दाविद यांना घरातच मिळाले.

१८४८ मध्ये ते लाझारिस्ट नावाच्या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाले. चीनला जाण्याची त्यांची इच्छा होती, पण संघाने त्यांना आधी इटलीतील सव्होना येथे शिक्षक म्हणून पाठवले. तिथे त्यांनी सुमारे दहा वर्षे विज्ञान शिकवले आणि शाळेसाठी निसर्ग संग्रहालय उभे केले.

१८६२ मध्ये त्यांना बीजिंगला पाठवण्यात आले. काम होते धर्मप्रसाराचे आणि शाळेत शिकवण्याचे. मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयालाही चीनमधले नमुने हवे होते. दाविद यांनी पाठवलेल्या पहिल्या पेट्या पाहूनच तिथले प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स प्रभावित झाले. दाविद यांना शोधमोहिमांसाठी मोकळीक मिळावी, अशी विनंती धर्मसंघाकडे गेली आणि ती मान्य झाली.

भिंतीपलीकडे काय दिसले?

बीजिंगच्या दक्षिणेला नानहायझी नावाचे शाही शिकार उद्यान होते. भोवती लांबच लांब भिंत आणि दारावर पहारा. सामान्य माणसाला आत प्रवेश नव्हता. १८६५ मध्ये दाविद यांनी या भिंतीवरून आत पाहिले. आत शंभराहून अधिक हरणांचा कळप चरत होता. अशी हरणे त्यांनी कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती.

चिनी लोक या हरणाला मिलू म्हणतात. त्याचे दुसरे नाव सिबुशियांग, म्हणजे चौघांसारखे असूनही चौघांपैकी एकही नसलेले. शिंगे हरणाची, खूर गाईचे, मान उंटाची आणि शेपूट गाढवाचे, पण प्राणी यांपैकी कोणताच नाही, असे ते वर्णन. गंमत बाजूला ठेवली, तर यात निरीक्षण अचूक आहे. मिलूचे खूर पसरट असतात, त्यामुळे चिखलात पाय रुतत नाही. शेपूट इतर हरणांपेक्षा बरीच लांब असते. शिंगांची टोके पुढे न वळता मागे वळलेली असतात.

या हरणाला मारणे कायद्याने बंद होते. दाविद यांनी उद्यानाच्या पहारेकऱ्यांना पैसे देऊन जानेवारी १८६६ मध्ये कातडी आणि हाडे मिळवली आणि पॅरिसला रवाना केली. त्याच वर्षी आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि नाव ठेवले इलाफ्युरस डेव्हिडियानस. पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ शेपटीवाले हरीण असा होतो. दुसरा शब्द दाविद यांच्या नावावरून आला. पुढच्या काही वर्षांत फ्रेंच आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खटपट करून काही जिवंत हरणे युरोपात नेली. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पांडा आणि रुमालाचे झाड कसे सापडले?

मिलू सापडला तेव्हा दाविद बीजिंगच्या आसपासच होते. १८६६ मध्ये ते मंगोलियाच्या दिशेने पहिल्या मोठ्या मोहिमेवर गेले. दुसरी मोहीम १८६८ ते १८७० या काळातली. यांगत्सी नदीच्या मार्गाने ते सिचुआन प्रांताच्या पश्चिम टोकाला, आज बाओशिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ भागात पोहोचले. तिथे धर्मसंघाचे केंद्र होते.

११ मार्च १८६९ रोजी एका स्थानिक जमीनदाराच्या घरी त्यांना काळ्यापांढऱ्या अस्वलाचे कातडे दिसले. त्यांनी शिकाऱ्यांना कामाला लावले. काही दिवसांतच शिकाऱ्यांनी पांडाचे एक पिल्लू मारून आणले, मग एक मोठा पांडा. दाविद यांनी त्याची गणना अस्वलांत केली. पॅरिसमधल्या तज्ज्ञांनी मात्र १८७० मध्ये त्याला वेगळ्या प्रजातीत टाकले. पांडा अस्वल की रॅकूनचा भाऊबंद, हा वाद त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर जनुकीय अभ्यासांनी त्याला अस्वलांच्याच कुलात बसवले. दाविद यांचा पहिला अंदाज कुलापुरता बरोबर होता.

याच डोंगरात १८६९ मध्ये त्यांना एक उंच झाड दिसले. पानांमध्ये जागोजागी पांढरे रुमाल लटकत असावेत, असे त्याचे रूप. वारा आला की हे रुमाल फडफडतात. म्हणून इंग्रजीत याला रुमालाचे झाड म्हणतात आणि कबुतराचे झाडही. चिनी नाव गोंगतोंग.

हे रुमाल म्हणजे पाकळ्या नव्हेत. आपल्याकडच्या बोगनवेलीत जे रंगीत दिसते ते फूल नसून फुलाभोवतीची रूपांतरित पाने, म्हणजे छद असतात. तसेच इथे आहे. दोन पांढरे छद, एक मोठा आणि एक लहान, आणि मध्ये गोलसर गुच्छात खरी बारीक फुले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी बायों यांनी १८७१ मध्ये त्याला डेव्हिडिया इन्व्हॉल्युक्राटा असे नाव दिले.

वर्गीकरणाच्या शिडीवर दोघे कुठे?

शाळेच्या पुस्तकातली शिडी आठवा : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. या क्रमाने दोघांची तुलना अशी :

सृष्टी : झाड वनस्पती सृष्टीत, हरीण प्राणी सृष्टीत. दोघांच्या पेशींना स्पष्ट केंद्रक असते, एवढेच इथले मोठे साम्य.

संघ/विभाग : झाड सपुष्प वनस्पतींत मोडते, हरीण समपृष्ठरज्जू प्राण्यांत.

वर्ग : झाड द्विदलिकित, हरीण सस्तन.

गण : झाडाचा गण कॉर्नेलिस, हरणाचा समखुरी. गाय, बकरी, डुक्कर, उंट हेही समखुरीच.

कुल : झाडाचे कुल निस्सेसी. पूर्वी काही तज्ज्ञांनी त्याला दुसऱ्या कुलात किंवा त्याच्या स्वतंत्र कुलात ठेवले होते. हरणाचे कुल सर्व्हिडी. आपले सांबर, चितळ आणि बारशिंगा याच कुलातले.

प्रजाती आणि जाती : डेव्हिडिया प्रजातीत आज जिवंत असलेली ही एकच जाती. इलाफ्युरस प्रजातीतही एकच. म्हणजे दोघेही आपापल्या घरात एकटे आहेत.

नावातही एक फरक आहे. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा, आणि दुसरा जातीचा. झाडात दाविद यांचे नाव पहिल्या शब्दात आहे, हरणात दुसऱ्या शब्दात.

प्रजातीत एकच जाती उरणे ही संवर्धनाच्या दृष्टीने गंभीर बाब असते. ती जाती गेली, तर पूर्ण शाखाच तुटते. डेव्हिडियाचे जीवाश्म उत्तर अमेरिकेत सापडले आहेत आणि ते सुमारे ६ कोटी वर्षे जुने आहेत. एकेकाळी दूरवर पसरलेल्या या शाखेचा चीनमधला शेवटचा वारस म्हणजे हे झाड.

मोहिमांची किंमत काय होती?

दाविद यांची तिसरी मोहीम १८७२ मध्ये सुरू झाली. चिनलिंग पर्वत, मग जियांगशी आणि फुजियान प्रांत. या प्रवासांत ते आजारी पडले, होडी उलटून संग्रहाचा काही भाग वाहून गेला. अखेर १८७४ मध्ये प्रकृतीमुळे त्यांना फ्रान्सला परतावे लागले. त्यानंतर ते पॅरिसमध्येच राहिले. १८७७ मध्ये एमिल उस्ताले यांच्यासोबत त्यांनी चीनच्या पक्ष्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी जमवलेल्या वनस्पतींवर आद्रियां फ्रांशे यांनी १८८० च्या दशकात दोन खंड काढले.

त्यांच्या संग्रहातून ६० हून अधिक सस्तन प्राणी आणि साधारण तेवढेच पक्षी युरोपच्या विज्ञानाला नवे म्हणून नोंदले गेले. सोनेरी केसांचे नकटे माकड त्यांतलेच.

हे सारे नमुने मेलेले होते. त्या काळात जातीचे वर्णन करायचे तर कातडी, कवटी, वाळवलेली फांदी हातात लागायची. शिकारी स्थानिक, वाटाडे स्थानिक, जंगलाची माहिती स्थानिक. मिलू आणि गोंगतोंग ही नावे चीनमध्ये आधीपासून होती. त्यामुळे दाविद यांनी हे जीव शोधले, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्यांनी ते युरोपच्या विज्ञानापर्यंत पोहोचवले, असे म्हणणे जास्त नेमके.

दाविद यांची दुसरी बाजूही आहे. चीनमध्ये जंगले किती वेगाने तोडली जात आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या रोजनिशीत त्यांनी त्याबद्दल खंत नोंदवली. झाडांबरोबर त्यांच्या आधाराने जगणारे प्राणीही जातील, ही काळजी त्यांना होती. १९ व्या शतकात असा विचार करणारे फार थोडे होते.

१९०० मध्ये नेमके काय घडले?

मिलू जंगलातून त्याआधीच नाहीसा झाला होता. दलदली भरून शेती झाली आणि शिकारही होत राहिली. उरला होता तो फक्त नानहायझीच्या भिंतीआडचा कळप. १८९० च्या दशकाच्या मध्यात योंगडिंग नदीला पूर आला आणि उद्यानाची भिंत फुटली. बाहेर पळालेली हरणे पुराने उपाशी झालेल्या लोकांनी मारून खाल्ली. १९०० मध्ये बॉक्सर उठाव झाला, परकीय फौजा बीजिंगमध्ये शिरल्या आणि उरलेली हरणेही मारली गेली.

त्याच वर्षी झाडाबाबत काय घडले? आयरिश वनस्पती अभ्यासक ऑगस्टिन हेन्री यांना १८८८ मध्ये हुबेई प्रांतात हे झाड दिसले होते. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीने १८९९ मध्ये अर्नेस्ट विल्सन या २३ वर्षांच्या तरुणाला त्याचे बी आणायला पाठवले. विल्सन आधी हेन्री यांना भेटले. हेन्री यांनी वहीच्या पानावर ढोबळ नकाशा काढून दिला. एप्रिल १९०० मध्ये विल्सन त्या जागी पोहोचले, तर झाड तोडून त्याच्या लाकडाचे घर बांधलेले होते.

इथे झाड आणि हरीण यांच्या नशिबातला फरक दिसतो. चीनमधली सगळी हरणे एकाच भिंतीआड होती. भिंत फुटली आणि सगळे संपले. झाडे मात्र उंच, दुर्गम डोंगरांत विखुरलेली होती. एक तुटले तरी दुसरे कुठेतरी उभे होते. महिन्याभरातच, मे १९०० मध्ये, विल्सन यांना फुललेले झाड सापडले. त्यांनी भरपूर बी गोळा करून इंग्लंडला पाठवले.

१० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमध्ये दाविद यांचे निधन झाले. ते ७४ वर्षांचे होते.

झाड कसे वाढवले गेले?

पहिला मान विल्सन यांना मिळाला नाही. पॉल फार्ज या दुसऱ्या फ्रेंच धर्मगुरूंनी १८९७ मध्येच ३७ बिया फ्रान्सला पाठवल्या होत्या. त्यांतली फक्त एक रुजली आणि त्या झाडाला १९०६ मध्ये फुले आली.

३७ पैकी एक, हा आकडा या झाडाची अडचण सांगतो. त्याचे फळ कठीण कवचाचे असते. बी रुजायला अनेकदा दोन हिवाळे जावे लागतात. रोप मोठे होऊन फुलायला आणखी बरीच वर्षे लागतात. जंगल तुटल्यावर हे झाड आपोआप लवकर परत येत नाही. बागांमध्ये मात्र बी, कलम आणि दाब पद्धतीने ते वाढवता येते. त्यामुळे युरोप आणि अमेरिकेच्या उद्यानांत आज ते सर्रास दिसते.

हरीण मायदेशी कसे परतले?

हरणाचे बी पेटीत भरून पाठवता येत नाही. तिथे जिवंत कळपच लागतो. ब्रिटनमधील बेडफर्डचे ११ वे ड्यूक हर्ब्रँड रसेल यांनी युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत विखुरलेली हरणे वोबर्न अॅबी येथील आपल्या इस्टेटीत गोळा केली. एकूण १८ हरणे जमली. त्यांपैकी प्रत्यक्ष प्रजनन केले ते फक्त ११ हरणांनी. आज जगात असलेला प्रत्येक मिलू या मूठभर हरणांचा वंशज आहे.

पहिल्या महायुद्धात चाऱ्याची टंचाई झाली आणि कळप घटला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र संख्या सुमारे २५० वर गेली होती. सगळी हरणे एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका ओळखून मग ती इतर प्राणिसंग्रहालयांना देण्यात आली. नानहायझीचा धडा इथे कामी आला.

१९८५ मध्ये वोबर्नची हरणे चीनला पाठवण्यात आली आणि त्यांतली बहुतेक त्याच नानहायझीत सोडण्यात आली, जिथे दाविद यांनी १२० वर्षांपूर्वी ती पाहिली होती. १९८६ मध्ये ब्रिटनमधून आणखी ३९ हरणे जियांगसू प्रांतातील दाफेंग येथे गेली. १९९० च्या दशकात हुबेईतील शिशोउ येथे तिसरा कळप वसवला गेला.

१९९८ मध्ये यांगत्सीला महापूर आला. शिशोउमधली काही हरणे पोहत संरक्षित क्षेत्राबाहेर पडली. १८९० च्या दशकातल्या पुराने हरणे उपाशी लोकांच्या हाती गेली होती. या वेळी मात्र बाहेर पडलेली हरणे जगली आणि त्यांचे मोकळे कळप तयार झाले.

आज दोघांची स्थिती काय?

चीनमध्ये दोघांनाही पहिल्या श्रेणीचे राष्ट्रीय संरक्षण आहे. संरक्षणाची पातळी सारखी असली तरी धोके वेगळे आहेत.

मिलू : चीनमधली संख्या १०,००० च्या पुढे गेली आहे. तरीही आययूसीएन या संस्थेने लाल यादीच्या २०१६ च्या मूल्यांकनात त्याला निसर्गातून नामशेष या गटात ठेवले. कारण बहुतेक हरणे कुंपणाच्या आत, माणसाच्या देखरेखीखाली आहेत. निव्वळ संख्या वाढली म्हणून जाती सुरक्षित झाली, असे लाल यादी मानत नाही. मोकळ्या निसर्गात, स्वतःच्या बळावर टिकणारे कळप लागतात. ११ पूर्वजांमुळे जनुकीय विविधता फार कमी आहे. एखादा साथीचा रोग आला, तर सगळ्यांनाच सारखा धोका संभवतो. शिवाय मोकळ्या दलदली आता फारशा उरलेल्या नाहीत.

डेव्हिडिया : हे झाड निसर्गातून कधीच नाहीसे झाले नाही. मात्र मध्य आणि नैऋत्य चीनमधल्या दमट, थंड डोंगरांत ते तुकड्यातुकड्यांत उरले आहे. नैसर्गिक रुजवण मंद असल्याने जुने झाड गेल्यावर त्याची जागा भरायला वेळ लागतो. हवामान बदलले तर हरीण चालत दुसरीकडे जाऊ शकते, झाड जाऊ शकत नाही. त्याला पिढ्यान् पिढ्या बियांमार्फतच सरकावे लागते.

पांडा : त्याची कथा या दोघांच्या मधली. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत जंगलातील पांडांची संख्या १,८६४ भरली आणि २०१६ मध्ये आययूसीएनने त्याला संकटग्रस्त गटातून काढून तुलनेने कमी धोक्याच्या असुरक्षित गटात आणले.

यातून काय समजते?

दाविद यांचे नाव असलेल्या आणखी एका वनस्पतीचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. बडलेया डेव्हिडाय हे जांभळ्या फुलांचे झुडूप चीनमधून बागांसाठी युरोपात गेले. आज ब्रिटनमध्ये ते रेल्वेमार्ग, पडक्या भिंती आणि मोकळ्या जागा व्यापत सुटले आहे. एकाच माणसाच्या नावाच्या तीन जातींपैकी एक मायदेशी परतली, एक डोंगरात चिकाटीने टिकून आहे आणि तिसरी परदेशात डोकेदुखी झाली आहे.

शास्त्रीय नाव मिळाल्याने जाती वाचत नाही, हे मिलूने दाखवले. नाव मिळाल्यानंतर अवघ्या ३४ वर्षांत तो मायदेशातून संपला. नाव मिळाल्यामुळे युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांना त्यात रस निर्माण झाला आणि काही हरणे बाहेर गेली, म्हणून तो परत आणता आला, हेही तितकेच खरे. मात्र परत आणण्यासाठी ८५ वर्षे, दोन देश आणि एका इस्टेटीचा कळप लागला. झाडाच्या बाबतीत डोंगरातले जंगल शिल्लक राहिले, एवढ्यानेच बरेचसे काम झाले.